सकाळची हजेरी, संध्याकाळचे लॉगिन

इंदूरच्या सुदामा नगरमधून एका भगिनींचे पत्र आले आहे. ते मोठे असल्यामुळे त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देतो.

“माझा मुलगा २८ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे तो सकाळी ७ ते दुपारी २ देवास नाक्याजवळच्या एका कुरिअर हबमधून पार्सले वाटतो. तेथील एजंट त्याला महिन्याला १४ हजार रुपये ठरवून देतो आणि ठरावीक संख्येच्या वर पार्सले गेली तर वेगळे काही देतो. संध्याकाळी ७ नंतर तो जेवणाच्या ऑर्डरी पोचवणाऱ्या एका ॲपवर काम करतो. यंदा जानेवारीत मावठ्याच्या पावसात रात्री बंगाली चौराह्याजवळ त्याची गाडी घसरली आणि खांद्याजवळचे हाड मोडले. विमा कंपनीने ‘अपघाताच्या वेळी ऑर्डर हातात नव्हती’ म्हणून ॲपचा क्लेम नाकारला. पुढे काही आठवडे लॉगिन झाले नाही म्हणून आयडीही ब्लॉक झाला. हबच्या एजंटाने डिसेंबरचे पैसे अडकवून ठेवले आहेत, दुसरा मुलगा कामावर घेतला आहे आणि ‘तू आमचा कर्मचारी नव्हतासच, व्हेंडर होतास’ असे तो म्हणतो. माझे सासरे येथील एका कापड गिरणीत कामगार होते, ते म्हणतात कोर्टात जा. मुलगा म्हणतो, काही होणार नाही. तो नेमका कोण, नोकर की ठेकेदार? आणि विचारायला संकोच वाटतो, पण मीही घरून डबे देते आणि ते पोचवायला एक मुलगा ठेवला आहे. मग तो माझा कोण?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातील वाद मिटत नाही, कारण एकाच मुलाच्या दोन वेगळ्या कामांना तुम्ही सारे मिळून एकच उत्तर शोधत आहात. माझे मत आधीच सांगून टाकतो. सकाळच्या हबच्या कामात तुमचा मुलगा कर्मचारी होता असे म्हणायला भक्कम आधार आहे, एजंट त्याला काहीही म्हणो. संध्याकाळच्या कामात मात्र भारतीय कायद्याने त्याला आज कर्मचारी मानलेले नाही आणि निव्वळ ठेकेदार म्हणून वाऱ्यावरही सोडलेले नाही. त्याच्यासाठी एक तिसरा कप्पा केला आहे. म्हणून हबच्या बाबतीत तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि ॲपच्या बाबतीत मुलाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे.

कर्मचारी ठरल्याने काय फरक पडतो, हे तुमच्याच प्रसंगावरून पाहू. हबमध्ये दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि मुलाचे वेतन सारे मिळून महिना २१ हजारांच्या आत असेल, तर त्याची कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, नोंद व्हायला हवी होती. त्यासाठी मालकाने वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि मुलाने पाऊण टक्का भरायचा असतो. तशी नोंद असती आणि वर्गणीचे दिवस भरलेले असते, तर हाड मोडल्यावर त्याच्यावर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार झाले असते आणि काम बंद असलेल्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळाला असता. अपघात संध्याकाळच्या, दुसऱ्याच कामात झाला म्हणून हा लाभ अडला नसता, कारण आजारपणाच्या लाभासाठी दुखणे त्याच कामातून उद्भवलेले असावे लागत नाही. म्हणजे रात्री ॲपच्या कामावर मोडलेल्या हाडाचा खर्च सकाळच्या नोकरीने उचलला असता. एजंटाने ‘व्हेंडर’ म्हणून तुमच्या घरातून जे नेले ते हे आहे. डिसेंबरचे १४ हजार हा त्यातला लहान भाग.

आता कर्मचारी कोण, हे ठरते कसे ते पाहू. करारावर काय लिहिले आहे ते न्यायालय पाहते, पण तेथेच थांबत नाही. या विषयावरचा आपल्याकडचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली दिला. तो ध्रांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीच्या मिठागरांतील आगरियांविषयी, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांविषयी, होता. तेव्हाच्या सौराष्ट्र राज्यातील या आगरियांची परिस्थिती आजच्या रायडरने वाचावी अशी आहे. कंपनी प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा नेमून देई. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मजुरी मणामागे मिळे. आगरिया सहकुटुंब राबे आणि हवे तर स्वतःच्या पैशाने मदतीला मजूरही लावी. कंपनीचे म्हणणे सरळ होते: हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, आम्ही त्यांच्याकडून फक्त मीठ घेतो. न्यायालयाने ते मान्य केले नाही. खारे पाणी वाफ्यात घेण्यापासून मीठ तयार होईपर्यंत कंपनीची माणसे प्रत्येक टप्प्यावर देखरेख करत होती आणि ठरवलेल्या प्रतीचे नसलेले मीठ नाकारले जात होते. काम काय करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे हे सांगण्याचा अधिकार कंपनीकडे होता, म्हणून ते कामगार ठरले. वेळेचे स्वातंत्र्य, नगावर मजुरी, मदतनीस लावण्याची मुभा, एवढे सगळे असूनही.

पुढे १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात शिंप्यांचा प्रश्न आला. मजुरी कपड्यागणिक, येण्याजाण्याची वेळ सैल, काही जण काम घरी नेणारे. आणि दुसऱ्या दुकानाचेही कपडे शिवण्याला आडकाठी नाही. तरीही ते दुकानाचे कर्मचारी ठरले, कारण सूचना दुकानाच्या होत्या, शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला सांगण्याचा अधिकार दुकानाचा होता आणि शिलाई यंत्रेही दुकानाचीच होती. ‘मुलगा दोन ठिकाणी काम करतो, मग तो कुणाचाच नोकर कसा?’ असे जर तुम्हाला कुणी म्हटले असेल, तर त्याचे उत्तर या निकालात आहे. मात्र यंत्रांचा मुद्दा आपल्या विरुद्ध जातो हेही सांगितले पाहिजे: तुमच्या मुलाची गाडी, पेट्रोल आणि मोबाइल त्याचे स्वतःचे आहेत.

तिसरा निकाल १९७८ चा, केरळमधील दोर बनवणाऱ्या एका कारखान्याचा. तेथे मजूर मध्यस्थ ठेकेदारांनी आणलेले होते आणि कारखानदार म्हणत होता की माझा त्यांच्याशी संबंध नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी कागदांचा पडदा बाजूला सारून पाहिले की माल कुणाच्या धंद्यासाठी बनतो आणि त्या माणसाने हात आखडता घेतला तर पोट कुणाचे मारले जाते. आणि कारखानदारालाच मालक ठरवले. २०२० साली सुशीलाबेन गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्या कसोट्या पुन्हा तपासल्या आणि एकाच कसोटीवर निकाल लावता येणार नाही, नियंत्रण, मोबदल्याची पद्धत, साधने, जोखीम या साऱ्यांचा एकत्र विचार करावा लागेल, असे सांगितले. त्या प्रकरणात नेत्रशल्यविशारद डॉक्टर संस्थेचे कर्मचारी ठरले नाहीत, हेही लक्षात ठेवावे. कसोट्या प्रत्येक वेळी ‘कर्मचारी’ असाच कौल देतात असे नाही.

या कसोट्या हबच्या कामाला लावा. सात वाजता हजर राहणे, सेल्फी काढून हजेरी लावणे, हबच्या टीएलने, म्हणजे टीम लीडरने, दिलेल्या भागातच फिरणे, सुट्टीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर परवानगी मागणे, महिन्याला ठरलेली रक्कम घेणे. तुम्ही पत्राच्या पुढच्या पानांवर हे सारे सांगितले आहे आणि उशीर झाला तर ५० रुपये कापले जात, हेही लिहिले आहे. जो खरोखर स्वतंत्र ठेकेदार असतो त्याला उशिराचा दंड नव्हे, तर काम न झाल्याचा दंड होतो. तो आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शकतो, दर ठरवताना घासाघीस करू शकतो, चार हबची पार्सले एका फेरीत उचलू शकतो. तुमच्या मुलाला यातले काहीही करता येत नव्हते. एजंटाशी झालेला कागद मी पाहिलेला नाही, परंतु त्यावर ‘व्हेंडर’ असे दहा वेळा लिहिले असले तरी माझे मत फारसे बदलणार नाही.

मालक कोण, एजंट की कुरिअर कंपनी, हा पुढचा प्रश्न. प्राथमिक जबाबदारी पगार देणाऱ्या एजंटाची आहे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांतील वेतन संहितेनुसार मालकाने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेत तो कर्मचारी काम करतो तिच्या स्वामीवर ती जबाबदारी येते. म्हणून अर्जात एजंट आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. याच संहितेप्रमाणे कर्मचाऱ्याला कामावरून काढले किंवा त्याने काम सोडले, तर त्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे असते. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. आणि दावा मंजूर करताना प्राधिकाऱ्याला थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. दहापट कुणी सहसा देत नाही, पण ती तरतूद एजंटाला ठाऊक असते आणि नोटीस गेल्यावर पुष्कळदा तेवढ्याने पैसे निघतात. राज्याच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदुरातच, महात्मा गांधी मार्गावर आहे. औद्योगिक न्यायालयही येथेच आहे. भोपाळ-जबलपूरच्या चकरा मारण्याची सबब तुमच्या मुलाला नाही.

अर्ज करण्याआधी पुरावा गोळा करावा. ज्याची आधी आठवण होत नाही असा एक कागद म्हणजे आयकर खात्याचे २६ एएस विवरण. मुलाच्या पॅनवर लॉगिन करून ते काढा. त्यात कोणी कर कापला, कोणत्या कलमाखाली कापला आणि किती, हे दिसते. ॲप कंपन्या रायडरच्या देयकातून ठेकेदारांसाठीचा १ टक्का कापतात. एजंटानेही तसाच कापला असेल तर तो स्वतःच्या हिशेबात मुलाला काय समजत होता ते दिसेल; काहीच कापले नसेल तर पैसे देणारे खाते एजंटाचे की कंपनीचे हे बँकेच्या पासबुकावरून कळेल. कराच्या कलमावरून नोकरी सिद्ध होत नाही किंवा खोटीही ठरत नाही, पण पैसे नेमके कुठून येत होते याचा माग लागतो. शिवाय कापलेला १ टक्का विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. इतकी साधी रक्कम कित्येक रायडर वर्षानुवर्षे सोडून देतात याचे मला आश्चर्य वाटते. त्याखेरीज व्हॉट्सॲप ग्रुपवरील हजेरीचे आणि दंडाचे संदेश तारखेसह जपून ठेवा, आणि टी-शर्ट, ओळखपत्र व रनशीटचे फोटो काढा. एजंटाने ग्रुपमधून काढण्यापूर्वी ते केलेले बरे. काढले असेल तर बरोबरच्या एखाद्या मुलाकडून मागवा.

आता ॲपकडे वळू. येथे पारडे एका बाजूला सहज झुकत नाही. मुलगा हवे तेव्हा लॉगिन करतो, हवे तेव्हा बंद करतो, दुसऱ्या ॲपवरही काम करू शकतो. ही स्वातंत्र्याची बाजू झाली. दुसऱ्या बाजूला ऑर्डरचा दर ॲप ठरवते, ग्राहकाचा खरा नंबर त्याला दिसत नाही, ऑर्डर नाकारल्या की इन्सेंटिव्ह बुडतो, रेटिंग घसरले की चांगले स्लॉट जातात आणि शेवटी आयडी ब्लॉक होतो. छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या बाहेर उभ्या असलेल्या रायडरला पाच मिनिटांत ऑर्डर उचलली नाही म्हणून जो संदेश येतो, तो पाठवणारा मुकादम कुणाला दिसत नाही, एवढाच आगरियांच्या काळापासूनचा फरक. माझे वैयक्तिक मत विचाराल तर ही देखरेख मिठागरावरच्या देखरेखीपेक्षा कमी नाही. पण माझ्या मताने खटले निकाली निघत नाहीत.

ॲपवरच्या कामगारांना असंघटित कामगार मानून सामाजिक सुरक्षा द्यावी यासाठी त्यांच्या महासंघाने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याआधीच संसदेने २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार अशा व्याख्या घातल्या आणि त्यांतच पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचे काम असे म्हणून टाकले. या संहितेनुसार ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नाही, इतकी वर्गणी सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे आणि त्यातून अपघात, आरोग्य, प्रसूती, वार्धक्य यांसाठी योजना करायच्या आहेत. पीएफ, ग्रॅच्युइटी, किमान वेतन, कामावरून काढण्यापूर्वीची नोटीस यांतले काहीही तिसऱ्या कप्प्यात येत नाही. नीती आयोगाच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक असे काम करत होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. एवढ्या लोकांचा प्रश्न एका रायडरच्या खटल्यातून सुटेल, असे मला वाटत नाही.

परदेशातही हा गुंता आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क दिले, आणि त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरूच्या रायडरांना, सामूहिक वाटाघाटीच्या हक्काच्या प्रश्नावर, तसे मानायला नकार दिला. डिलिव्हरूचा रायडर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होता, हे त्यातले मुख्य कारण. हे मुद्दाम सांगतो, कारण इंदुरात आयडी भाड्याने देण्याची पद्धत सर्रास चालते. तुमच्या मुलाने आयडी ब्लॉक होण्यापूर्वी तो मित्राला चालवायला दिला असेल, तर त्याने ते मला नाही तरी आपल्या वकिलाला आधी सांगावे. आपल्या ॲपच्या अटींत हे निषिद्ध असते, त्या काळात झालेला अपघात विम्यात बसत नाही, आणि ‘मला स्वतःलाच काम करावे लागत होते’ हा कर्मचारीपणाचा मुद्दाही हातचा जातो. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये असे चालक कर्मचारी मानणारा कायदा लागू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी सार्वमत घेऊन ॲप कंपन्यांना त्यातून सूट दिली आणि २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती सूट कायम ठेवली.

म्हणून ॲपच्या बाबतीत माझा सल्ला असा की ‘कर्मचारी आहे की नाही’ हा प्रश्न संघटनेवर आणि न्यायालयावर सोपवावा, आणि त्या उत्तरावर जे अवलंबून नाही ते आधी पदरात पाडून घ्यावे.

पहिली गोष्ट विमा. ‘ऑर्डर हातात नव्हती’ हे उत्तर फोनवर मिळाले की लेखी, ते तुम्ही लिहिलेले नाही. लेखी मागा आणि त्याबरोबर पॉलिसीची प्रतही मागा. काही पॉलिसींत ऑर्डर स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंतच संरक्षण असते, काहींत लॉगिन असेपर्यंत. तुमच्या म्हणण्यानुसार मुलगा ऑर्डर पोचवून विजय नगरच्या आपल्या झोनकडे परतत होता आणि लॉगिन चालू होते. शब्द ‘लॉगिन’ असेल तर नकार चुकीचा आहे. आयडी बंद झाल्यामुळे त्या रात्रीची ऑर्डर हिस्टरी आता ॲपवर दिसणार नाही. कंपनीच्या तक्रार निवारण ईमेलवर लिहून तिचा तपशील मागा आणि शेवटच्या ग्राहकाच्या पत्त्यावरून, बंगाली चौराहा वाटेत कसा येतो, हे नकाशासह दाखवा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ३० दिवसांत समाधान केले नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर त्यापासून एका वर्षाच्या आत भोपाळच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

येथे कर्मचारी आणि प्लॅटफॉर्म कामगार यांच्यातील दरी स्पष्ट दिसते. नव्या संहितेनुसार कर्मचाऱ्याला घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध जोडता आला, तर कामाच्या ओघातला धरला जातो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र त्या रात्री दोन ऑर्डरींच्या मधली काही मिनिटे एका खासगी पॉलिसीतल्या एका वाक्यावर लटकली आहेत.

दुसरी गोष्ट संबल. मध्य प्रदेश सरकारने २०२४ पासून गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना मुख्यमंत्री जनकल्याण संबल योजनेत घेतले आहे. अपघाती मृत्यूसाठी ४ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख अशी मदत त्यात आहे. भरून येणाऱ्या हाडासाठी काही मिळत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर आशेवर झोन कार्यालयाच्या खेपा होतील. परंतु मुलगा पुन्हा गाडीवर बसणार आहे, म्हणून नोंदणी आत्ता करावी. समग्र आयडीची, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाची, ई-केवायसी झालेली नसेल तर तेथेच गाडी अडते. ती आधी करून घ्या. त्याचबरोबर केंद्राच्या ई-श्रम या कामगार नोंदणी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद करा. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा नोंदलेल्या कामगारांना आयुष्मान भारत योजनेत, म्हणजे कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांत, सामावून घेण्याची घोषणा झाली आहे. संहितेच्या केंद्रीय मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका ॲपवर ९० दिवस किंवा अनेक ॲपवर मिळून १२० दिवस काम अशी अट होती. म्हणून ब्लॉक होण्यापूर्वीच्या कामाच्या दिवसांचे आठवड्याचे पेआउट संदेश पुसू नका.

आयडी ब्लॉक होण्याबद्दल मात्र तुम्हाला आनंद होईल असे माझ्याकडे फारसे नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात काढून टाकण्यापूर्वी १४ दिवसांची नोटीस आणि लेखी कारण द्यावे लागते. राजस्थानने तर २०२३ मध्येच या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. मध्य प्रदेशात असा स्वतंत्र कायदा नाही. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचे फिटनेस प्रमाणपत्र जोडून आयडी चालू करण्याची लेखी विनंती करणे, एवढाच मार्ग आज आहे. तो बहुधा उपयोगी पडतो, कारण ऑर्डर उचलायला माणसे कमी पडतात.

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. गिरणी कामगाराने नातवाला ‘कोर्टात जा’ म्हणावे यात नवल नाही. पण याच शहरातली हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांची २२४ कोटींची देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडले, हेही त्यांना ठाऊक असेलच. त्या कामगारांच्या कर्मचारी असण्याबद्दल कुणालाही शंका नव्हती. ३२ वर्षे लागली, पण दावा उभा राहिला आणि टिकला, कारण त्यांची नावे हजेरीपटावर होती आणि ते एकत्र होते. तुमच्या मुलाच्या हबच्या दाव्यातही त्याच्याबरोबरची चार-पाच मुले सामील झाली, तर एजंटाला ‘हा एकटाच व्हेंडर होता’ असे म्हणता येणार नाही. सासऱ्यांना आग्रह करायचा असेल तर त्याचा करू द्या.

आता तुमच्या डब्यांच्या मुलाविषयी. संकोच वाटला तरी विचारलेत, हे चांगले केलेत. डबे किती वाजता निघायचे, कोणत्या क्रमाने पोचायचे, रिकामे डबे कधी परत आणायचे हे तुम्ही ठरवता, महिन्याचा पगार तुम्ही देता, आणि तुम्ही लिहिता की स्कूटीही तुमचीच आहे. हबच्या एजंटाला ज्या कसोट्या लावल्या त्याच येथे लावल्या तर तो मुलगा तुमचा कर्मचारी आहे, यात मला शंका वाटत नाही. घाबरू नका, ईएसआयसाठी दहा आणि पीएफसाठी वीस माणसे लागतात, तुमच्याकडे तो एकटा आहे. पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी माणसांच्या संख्येवर सुटत नाही आणि तो दिवसभर तुमच्या कामासाठी वाहनावर असतो. स्कूटीचा विमा चालू आहे का, मुलाकडे वैध लायसन्स आहे का, हे आजच पाहा. लायसन्सशिवाय तो कुणाला धडकला तर विमा कंपनी दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. त्याच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या, त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण आहे. विमा एजंटाला पगारी माणसासाठीच्या भरपाई पॉलिसीचा दर विचारा. एक वही घाला, तीत त्याचे हजेरीचे दिवस, साप्ताहिक सुट्टी आणि दिलेली रक्कम लिहून दरमहा त्याची सही घ्या, आणि जमेल तेव्हा पगार रोखीऐवजी खात्यात द्या. आणि पावसाळ्यात तो आजारी पडला तर त्या दिवसांचे पैसे कापायचे की नाही, हे त्याच्याशी आत्ताच बोलून त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.